टेस्टर ‘हो’ म्हणतात आणि गायब होतात: ॲप बाजारात आणण्याआधीचा नेहमीचा बिघाड

गोव्यात फोंड्याला बाजाराच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत बसून मी ॲपं बनवतो. काजू बियांच्या खरेदीचा हिशेब, भजनी सप्ताहातल्या पाळ्या, फेरीबोटीच्या वेळा, अशी छोटी कामं. कोडमध्ये दर वेळी काहीतरी नवीन मोडतं. ॲप बाजारात आणण्याआधी काही लोकांना, म्हणजे टेस्टरांना, वापरून बघायला देतो त्या चाचणीच्या वेळी मात्र एकच गोष्ट मोडते, ती म्हणजे माणसं. आता ओळखीतले लोकही त्यासाठीच फोन करतात, "भाई, टेस्टर पळाले, बघ जरा." अशी बरीच दुखणी बघून झाल्यावर एवढं कळलंय की खरोखर पळालेले थोडेच असतात. बाकीचे दारातच अडकलेले असतात आणि आपण आत बसून कुणी आलंच नाही म्हणून कुढत असतो.

खालच्या तपासण्या फुकट आणि पाच मिनिटांच्या कामापासून सुरू होतात आणि खर्चाच्या कामापर्यंत जातात. क्रम मोडू नका. मी एकदा मोडला होता. लोक ॲप उघडत नाहीत म्हणून दोन रात्री जागून सुरुवातीचे सगळे स्क्रीन नव्याने केले, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की टेस्टरांच्या यादीपुढच्या चौकोनात मी खूणच केली नव्हती.

लक्षणं

व्हॉट्सॲपवर पंचवीस जणांनी अंगठा दाखवलाय, प्ले कन्सोलवर (ॲप बनवणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान) सात दिसतात.

‘ॲप सापडत नाही’, ‘लिंक उघडत नाही’, ‘माझ्या फोनवर चालत नाही वाटतं’.

पहिल्या दिवशी गर्दी, तिसऱ्या दिवसापासून सामसूम.

विचारलं की उत्तर येतं ‘मस्त आहे’ किंवा ‘बरें आसा’. त्यापुढे शब्द नाही.

टेस्टरांचा आकडा अकरावर अडकलाय (बारा लागतात, नियम खाली दिलाय) आणि एक माणूस मिळता मिळत नाही.

चौदा दिवस पूर्ण झाले, अर्ज केला, ‘आणखी चाचणी करा’ म्हणून परत आला.

आणि सगळ्यांत वाईट लक्षण: चाचणीत एकही तक्रार नाही, बाजारात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका ताऱ्याची रांग.

पहिल्या दोन लक्षणांचं कारण जवळजवळ नेहमी खात्यात किंवा कन्सोलच्या सेटिंगमध्ये सापडतं, तिथे माणसाचा दोष नसतो. तिसऱ्या-चौथ्याचं कारण आपण काय मागितलं त्यात असतं. शेवटचं लक्षण सांगतं की माणसंच चुकीची निवडली होती.

नियम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल, तर प्ले स्टोअरवर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे फक्त निवडलेल्या लोकांकडून चाचणी, करावं लागतं. सुरुवातीला वीस टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ती अट बारावर आली. हे बारा जण ॲप खुलं करण्याचा अर्ज करण्याच्या वेळी सलग चौदा दिवस सामील असले पाहिजेत. संस्थेच्या नावावरच्या खात्याला ही अट नाही.

पहिली तपासणी: कुठलं खातं?

खर्च शून्य, वेळ माणशी दोन मिनिटं. माझ्याकडे आलेल्या दुखण्यांपैकी निम्मी इथेच बरी झाली.

प्ले स्टोअर टेस्टरला ओळखतो तो ईमेलवरून. तुम्ही यादीत जो पत्ता घातलाय, त्याच खात्यातून माणसानं लिंक उघडली पाहिजे, त्याच खात्यातून ‘बिकम अ टेस्टर’ दाबलं पाहिजे आणि प्ले स्टोअरमध्येही तेच खातं चालू असलं पाहिजे. तीन ठिकाणी तीन खाती असली की लिंक सांगते ‘ॲप उपलब्ध नाही’, आणि माणूस समजतो ॲप बिघडलंय.

आता आपल्याकडे फोनात खाती कशी असतात ते बघा. वाळपईच्या एका काकांच्या फोनवर तीन निघाली. एक फोन घेताना दुकानातल्या पोरानं बनवून दिलेलं, ज्याचा पासवर्ड त्या पोरालाच ठाऊक. दुसरं मुलीचं, तिच्या कॉलेजच्या प्रवेशावेळी घातलेलं. तिसरं त्यांचं स्वतःचं, आणि मला सांगितलेला पत्ता हाच. व्हॉट्सॲपवरून लिंक दाबली की ती क्रोममध्ये उघडे, क्रोममध्ये पुढे असे मुलीचं खातं, आणि प्ले स्टोअर चाले दुकानातल्या पोराच्या खात्यावर. काकांनी चार वेळा प्रयत्न केला होता. त्यांना अविश्वासू कसं म्हणायचं?

तेव्हापासून मी कुणाला ‘तुमचा ईमेल पाठवा’ असं म्हणत नाही. म्हणतो: "प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे गोल चित्र आहे त्यावर दाबा, जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवा." जो पत्ता दिसेल तोच यादीत घालायचा. लिंक उघडल्यावर त्या पानावरही वर उजव्या कोपऱ्यात खातं दिसतं, वेगळं असेल तर तिथेच बदलायला सांगायचं.

ऑफिसचे किंवा कॉलेजचे पत्ते शक्यतो टाळा. त्यांच्यावर तिथल्या प्रशासकाचे निर्बंध असू शकतात, आणि ते उठवण्याची विनंती करत बसायला आपल्याकडे वेळ नसतो.

आणखी एक. बरेच जण लिंक बाजूला ठेवून प्ले स्टोअरमध्ये ॲपचं नाव शोधतात. अजून बाजारात न आलेलं ॲप तिथे नाव घालून सापडत नाही, लिंकनंच जावं लागतं. हे निरोपात पहिल्या ओळीत लिहा. सामील झाल्यावर ॲप दिसायला थोडा वेळ लागू शकतो, तेही लिहा, नाहीतर माणूस दोन मिनिटं बघून फोन खिशात टाकतो.

दुसरी तपासणी: आपल्या बाजूची कडी

लोकांना दोष देण्याआधी कन्सोल उघडा.

ईमेलची यादी केलीत, पण या ट्रॅकसाठी (चाचणीच्या या टप्प्यासाठी) तिच्यापुढे खूण केलीत का, आणि नंतर सेव्ह दाबलंत का? ही माझी दोन रात्रींची चूक. आवृत्ती अजून तपासणीतच अडकली आहे का? क्लोज्ड टेस्टिंगच्या आवृत्तीलाही आधी गूगलची तपासणी असते, ती होईपर्यंत लिंक पाठवून उपयोग नाही. शनिवारी रात्री आवृत्ती चढवायची आणि रविवारी सकाळी सगळ्यांना लिंक धाडायची, हा उत्साह महागात पडतो, कारण पहिल्यांदा न उघडलेली लिंक लोक दुसऱ्यांदा सहसा दाबत नाहीत.

मग देश. गोव्यात हा मुद्दा हमखास येतो. आपल्या ओळखीतला तत्पर माणूस नेमका तारवटी (जहाजावर कामाला) असतो, नाहीतर आखातात, नाहीतर लंडनला. त्याचं प्ले खातं त्या देशाचं. ट्रॅकच्या देशांच्या यादीत फक्त भारत असेल तर त्याला ॲप दिसणार नाही. देश वाढवायला मिनिटही लागत नाही, पण आधी सुचावं लागतं.

जे मित्र सुरुवातीपासून मदत करतायत त्यांच्यात दोन अडचणी लपलेल्या असतात. त्यांना तुम्ही आधी इंटर्नल टेस्टिंगमध्ये (अगदी जवळच्या मोजक्या लोकांची वेगळी चाचणी) घेतलं असेल तर त्यांना क्लोज्डची आवृत्ती मिळत नाही. आधी तिथून बाहेर पडून मग इथे सामील व्हावं लागतं. आणि ज्यांना तुम्ही व्हॉट्सॲपवरून थेट एपीके (ॲप बसवायची) फाइल पाठवली होती, त्यांच्या फोनवरच्या जुन्या ॲपची डिजिटल सही वेगळी असू शकते. जुनं काढल्याशिवाय प्लेवरचं बसत नाही. म्हणजे सगळ्यांत जवळची माणसंच मोजणीत येत नाहीत, आणि आपण अकरावर अडकतो.

आयफोनवाल्यांची वाट वेगळी. तिथे चाचणीसाठी ॲपलचं टेस्टफ्लाइट ॲप आधी घ्यावं लागतं. बाहेरचे दहा हजारांपर्यंत टेस्टर घेता येतात आणि प्रत्येक बिल्ड (चढवलेली आवृत्ती) नव्वद दिवस चालतं. बाराची अट तिथे नाही. आयफोनवर वीस जण झाले म्हणून अँड्रॉइडची मोजणी भरत नाही, हे मला एका ग्राहकाला कागदावर काढून दाखवावं लागलं होतं.

तिसरी तपासणी: अंकगणित आणि पंचांग

बारा लागतात म्हणून बारा बोलावणारा माणूस तेराव्या दिवशी रडतो. कुणाचा फोन पाण्यात पडतो, कुणी नवा घेतो, कुणी साफसफाई करताना टेस्टमधूनच बाहेर पडतो. चौदा दिवस सलग लागतात, मध्ये आत-बाहेर केलेला माणूस धरला जात नाही. मी वीसजणांना विचारतो, अठरा आत येतात, पंधरा टिकतात.

तारीख ठरवताना कालनिर्णय जवळ ठेवा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात गोव्यातला माणूस माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान गोळा करत रानात फिरत असतो किंवा बाजारात असतो, आणि नंतरचे पाच दिवस तो तुमचा नसतो. शिगमो, गावची जत्रा, मे महिन्यातली लग्नं, यांचंही तेच. पावसाळ्यात सत्तरी तालुक्याच्या आतल्या वाड्यांवर लाइट गेली की कधी कधी नेटवर्कही जातं. काजूचं ॲप तर मार्च ते मे या हंगामातच उपयोगाचं, म्हणजे चाचणी फेब्रुवारीत सुरू झाली पाहिजे आणि तिचा शेवट हंगामाच्या तोंडावर आला पाहिजे. ऑगस्टमध्ये काजूचं ॲप तपासायला दिलं तर माणूस त्यात काय भरणार?

चौथी तपासणी: नेमकं काय मागितलंत?

इथे जरा थांबतो, कारण सामसूम होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

‘ॲप केलंय, वापरून सांग कसं वाटतं.’ या वाक्यात काम काय आहे? काहीच नाही. ऐकणारा भला माणूस असतो. तो ॲप उघडतो, दोन-तीन बटणं दाबतो, काही मोडत नाही, ‘मस्त आहे’ लिहितो. त्याच्या मते त्याचं काम झालं, आणि खरंच झालं, कारण आपण तेवढंच मागितलं होतं. वरून आपल्याला वाईट वाटू नये ही सभ्यता. शेजारच्या काकींनी दिलेल्या नेवऱ्या कशा झाल्यात असं विचारल्यावर आपण सारण कमी पडलं म्हणतो का?

म्हणून अभिप्राय मागू नका, काम द्या. काजूच्या ॲपच्या वेळी मी दिलेली पहिली तीन कामं अशी होती:

"सोमवार. आज जेवढी बी आली तेवढीच्या तीन नोंदी करा. वजन आणि दर घाला. बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळते का ते मला सांगा.

बुधवार. एक नोंद मुद्दाम चुकीची करा आणि ती दुरुस्त करून दाखवा. कुठे अडलात ते बोलून पाठवा.

शुक्रवार. फोनचं इंटरनेट बंद करा आणि नोंद करा. मग चालू करा. नोंद राहिली की गेली?"

एका वेळी एकच काम, पाच मिनिटांत होणारं, आणि उत्तर हो-नाही किंवा आकड्यात येणारं. बुधवारच्या कामात अकरा जणांपैकी आठ जण एकाच जागी अडले. दुरुस्तीसाठी नोंदीवर बोट दाबून धरायचं होतं आणि ते त्या आठांपैकी कुणालाच सुचलं नाही. ‘कसं वाटलं’ या प्रश्नाला हेच अकरा जण ‘मस्त’ म्हणाले होते.

कोण अडलं हे शोधायला ‘कुठे थांबलात?’ हा प्रश्न पुरतो. ‘आवडलं का?’ कधीच विचारू नका. उत्तर लिहून मागवू नका, व्हॉइस नोट मागा. मराठी टाइप करायचा कंटाळा येतो, इंग्रजीची भीती वाटते, बोलायला मात्र सगळ्यांना येतं. पेडण्याच्या एका व्यापाऱ्यानं मला साडेचार मिनिटांची नोट पाठवली. त्यातली तीन मिनिटं भावाशी चाललेल्या भांडणाची होती, उरलेल्या दीड मिनिटात माझ्या ॲपमधल्या दोन मोठ्या चुका होत्या.

ग्रुपवर काम टाकलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा, काम प्रत्येकाला नावानिशी पाठवा. वीस निरोप पाठवायला वीस मिनिटं लागतात आणि वीस टेस्टर परत शोधायला महिना जातो. आणि कुणी चूक सांगितली की ती दुरुस्त करून दोन दिवसांत त्यालाच आधी कळवा: "तुम्ही सांगितलेलं बटण आता वर आणलंय, बघा." असा निरोप मिळालेला माणूस चौदा दिवस हलत नाही. माझ्या अनुभवात रिचार्ज देऊन जे होत नाही ते यानं होतं.

बक्षिसाचं विचाराल तर, वेळ दिल्याबद्दल पाव किलो काजूगर द्या, म्हापशाला जाऊन पातळ भाजी-पाव खाऊ घाला. पण चांगलं रेटिंग दे म्हणून काही देणं नियमाविरुद्ध आहे. तसंही चाचणीतल्या माणसाला सार्वजनिक रेटिंग देता येत नाही, त्याचा अभिप्राय फक्त तुम्हाला दिसतो.

पाचवी तपासणी: ही माणसं हे ॲप वापरणार आहेत का?

काजूच्या ॲपची पहिली फेरी मी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडून करून घेतली होती. पोरं चांगली. तारखेची एक चूक त्यांनी पहिल्या तासात पकडली, जी मला दोन आठवडे दिसली नव्हती. पण त्यांच्यापैकी एकानंही कधी काजूची बी विकत घेतली नव्हती.

दुसऱ्या फेरीत सत्तरीच्या एक बागायतदार काकी होत्या. सामील झाल्या, पहिल्या दिवशी दोन नोंदी केल्या आणि गप्प. फोन केला तर म्हणाल्या, "करते रे, वेळ झाला नाही." दुसऱ्या रविवारी मी स्वतःच गेलो. बागेत बायका बोंडू (काजूची फळं) पिळून बी वेगळी करत होत्या, काकी त्यांच्यातच बसलेल्या. एक टोपली भरली. काकींनी फोन काढला, अंगठा पदराला पुसला आणि दाबला. फोन थरथरला, उघडला नाही. परत पुसला, परत दाबला. अंगठ्यावर बोंडवाच्या रसाचा चिकट थर, कडेनं काळे पडलेले डाग. तिसऱ्यांदाही नाही. मग त्यांनी कमरेची डायरी काढली, तिच्यात खोचलेली दोन इंची पेन्सिल काढली आणि वजन लिहून मोकळ्या झाल्या. माझ्याकडे बघून हसल्या. "तुझं ॲप बरं आहे रे बाबा, पण ते उघडायचं तर हात धुवायला व्हाळापर्यंत जावं लागतं."

सुरक्षा म्हणून ॲपला बोटाच्या ठशाचं कुलूप मी हौसेनं घातलं होतं आणि सक्तीचं केलं होतं. पणजीत एसीत बसून तपासणाऱ्याला त्यात दोष दिसला नसता. त्या रात्री नोंदीच्या पानावरचं कुलूप काढलं, फक्त दर आणि येणी-देणी कुलपाआड ठेवली, आणि आकड्यांची बटणं अंगठ्याएवढी केली. त्यानंतर काकींच्या रोज नोंदी आल्या, हंगाम संपेपर्यंत.

तेव्हा विश्वासू माणूस म्हणून मी आता वेगळा कुणी शोधत नाही. ज्याचं काम या ॲपनं खरोखर हलकं होणार आहे तो आपोआप टिकतो. तो कुठे भेटेल? ज्या जागी ते काम चालतं तिथे. फेरीबोटीच्या वेळांसाठी मी चोडणच्या धक्क्यावर सकाळी साडेसातला उभा राहिलो. रोज कामाला जाणारे, बोटीची वाट बघत फोन हातात घेतलेले. तासाभरात सात जण मिळाले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र फसलो, विकणाऱ्याला बोलायला सवड नसते आणि घेणारा घाईत असतो.

संख्येचा बाऊ करू नका. जेकब निल्सन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञानं २००० साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: पाच जणांना समोर बसवून बघितलं तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. बारा ही प्ले स्टोअरची अट आहे, ती भरायलाच हवी. पण त्यातल्या पाचांच्या शेजारी जाऊन बसा. बसल्यावर तोंड बंद ठेवा. ‘तिथे नाही, वरती दाबा’ हे वाक्य जिभेवर आलं की समजा चूक ॲपमध्ये सापडली.

सहावी तपासणी: दार उघडतं का?

इथून पुढे काम वाढतं, कारण कोडमध्ये हात घालावा लागतो.

लॉगिनला ओटीपी लावलाय का? भारतात असे एसएमएस पाठवायला डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) नोंदवलेला मजकूर लागतो, आणि पाठवलेला मजकूर नोंदवलेल्याशी जुळला नाही तर एसएमएस वाटेतच अडतो. टेस्टरला यातलं काही दिसत नाही. तो ओटीपीची वाट बघतो आणि ॲप बंद करतो. आतल्या गावात रेंज नसली तरी तेच. चाचणीपुरता ओटीपीशिवाय आत जाण्याचा मार्ग ठेवा. ॲप तपासणाऱ्या गूगलच्या माणसालाही आत जाता आलं पाहिजे, त्यासाठी कन्सोलमध्ये चालणारं लॉगिन द्यावं लागतं.

आठवण करून देणारी सूचना पोचत नाही अशी तक्रार असेल तर दोन गोष्टी बघा. अँड्रॉइड १३ पासून ॲपला सूचना दाखवायची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि पहिल्याच स्क्रीनवर मागितली तर लोक ‘नको’ दाबतात. शिवाय काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲपं मारून टाकतात. तुमच्या महागड्या फोनवर हे कधीच घडणार नाही.

त्यावरून फोनांचं मिश्रण. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि रॅम लिहा. दोन तरी जुने, भरलेल्या मेमरीचे, तडा गेलेल्या काचेचे फोन हवेत. कन्सोलमधला प्री-लाँच रिपोर्ट काही फोनांवर ॲप आपोआप चालवून बघतो, तो फुकट आहे, तो आधी वाचा. ॲप कुठे बंद पडलं याची नोंद ठेवणारं क्रॅशलिटिक्स बसवलं नसेल तर बसवा, कारण ‘बंद पडलं’ यापलीकडे टेस्टर सांगू शकत नाही आणि त्यानं सांगावं अशी अपेक्षाही नाही.

सातवी तपासणी: विकतचे टेस्टर

थोडे पैसे टाका, बारा खाती चौदा दिवस सामील ठेवतो, असं सांगणारे भेटतात. एका ग्राहकानं माझं न ऐकता घेतले. आकडा भरला. मग अर्ज करताना प्रश्न आले: टेस्टर कसे मिळवलेत, त्यांनी ॲप कसं वापरलं, काय अभिप्राय दिले, त्यावरून तुम्ही काय बदललंत? लिहायला एक ओळ नव्हती. टेस्टरांनी ॲप फारसं वापरलं नाही किंवा अभिप्रायावर काही केलं नाही असं दिसलं तर अर्ज परत येऊ शकतो, आणि चाचणी पुन्हा करावी लागते.

या प्रश्नांची उत्तरं पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. तारीख, माणूस, फोन, कुठे अडला, काय दुरुस्त केलं, कुठल्या आवृत्तीत. चौदा दिवसांत दोन-तीन सुधारित आवृत्त्या चढवा. त्यानं दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू होत नाही, ही भीती बऱ्याच जणांना उगाच असते. माझ्या काजूच्या अर्जात बोंडवाच्या रसाची गोष्ट जशीच्या तशी आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

दोन फेऱ्या नीट करूनही माणसं पहिल्या आठवड्यात गळत असतील आणि वरचं सगळं तपासून झालं असेल, तर तिसरी फेरी करू नका. वापरसुलभतेचं काम करणाऱ्या माणसाला दोन दिवसांसाठी घ्या आणि पाच जणांबरोबर बसवा. आपण स्वतः बनवलेल्या गोष्टीकडे आपल्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता येत नाही.

ॲप एकाच प्रकारच्या फोनवर बंद पडतं, तुमच्याकडे तो फोन नाही आणि क्रॅशच्या नोंदीतून अर्थबोध होत नाही, असं आठवडाभर चाललं तर अनुभवी अँड्रॉइडवाला शोधा. टेस्टर वाढवून हे सुटत नाही, तेच क्रॅश आणखी फोनांवर होतात एवढंच.

ॲपमध्ये पैसे फिरत असतील, आजाराची माहिती असेल, मुलांची किंवा आधारची माहिती असेल, तर ओळखीच्या वीस जणांची चाचणी त्या ॲपला पुरत नाही. सुरक्षेची तपासणी व्यावसायिकाकडूनच करून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं मान्यता दिलेल्या तपासनिसांची यादी उपलब्ध आहे, तिथून सुरुवात करा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुमच्या ॲपला कसा लागू होतो हे वकिलाला विचारा. आणि तोवर चाचणीत खरी नावं, खरे नंबर भरायला लावू नका. माझ्या टेस्टरांच्या याद्यांत सगळे गिऱ्हाईक ‘आंबा’, ‘फणस’, ‘जांभूळ’ असे आहेत.

धंदाच नोंदणीकृत असेल आणि संस्थेचं खातं उघडायचं असेल तर सीएला गाठा. त्यासाठी धंद्याची ओळख पटवणारा नऊ अंकी डी-यू-एन-एस क्रमांक लागतो, आणि कागदावरचं नाव-पत्ता तंतोतंत जुळावं लागतं. फक्त बारा माणसं टाळण्यासाठी मात्र हा खटाटोप करू नका. अट जाईल, पण बोट दाबून धरायचं कुणालाच न सुचणारं बटण तिथेच राहील.

जाणकाराला बोलावताना चाचणीची वही पुढे ठेवा. कुठला फोन, कुठली आवृत्ती, कितव्या पायरीवर माणूस थांबला. ती नसली तर त्याचे पहिले दोन दिवस हेच शोधण्यात जातात, आणि ते तुमच्या बिलावर चढतात.